थॉमस द कँटिलुप: बहिष्कृत अवस्थेत देश सोडणारा बिशप संतपदाला कसा पोहोचला?

पश्चिमवारा यांचा प्रश्न:

इंग्लंडच्या पश्चिमेकडील हेरफर्ड या गावातील कॅथेड्रलमध्ये संत थॉमस द कँटिलुप याच्या समाधीचा दगडी चौथरा आहे. तो पाहिल्यापासून मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत आहे, आणि जितके वाचतो तितका गोंधळ वाढतो. साधारण 1218 साली जन्मलेला हा मनुष्य ऑक्सफर्ड विद्यापीठाचा दोनदा चान्सेलर झाला, मध्येच काही महिने साऱ्या इंग्लंडचा चान्सेलर, म्हणजे राज्याची मोहोर सांभाळणारा मुख्य अधिकारी झाला आणि 1275 मध्ये हेरफर्डचा बिशप झाला. पुढे 1282 मध्ये त्याच्याच वरिष्ठाने, म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपने, त्याला धर्मबहिष्कृत केले, म्हणजे चर्चच्या संस्कारांतून वगळले. त्याच वर्षी तो इटलीत मरण पावला आणि 1320 मध्ये पोपने त्याला संत म्हणून घोषित केले.

माझे प्रश्न दोन आहेत. ज्याला चर्चच्या प्रांतप्रमुखाने बहिष्कृत केले, त्याला त्याच चर्चने अवघ्या अडतीस वर्षांत संतपद कसे दिले? आणि दुसरे असे की, त्याच्या आयुष्यातील विद्यापीठ, राजकारण आणि बिशपपद हे तीन भाग मला एकमेकांपासून तुटलेले वाटतात. कायदा शिकवणारा प्राध्यापक, बंडखोर उमरावांचा वकील आणि नवसाला पावणारा संत ही एकाच माणसाची रूपे आहेत हे मनाला पटत नाही. त्यांना जोडणारा काही धागा आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दफ्तरवाचक यांचे उत्तर:

धागा आहे, आणि माझ्या मते तो कायद्याचा आहे. थॉमसला चर्चमधला साधुपुरुष म्हणून पाहू लागलो की त्याचे निम्मे आयुष्य अनाकलनीय होते. हक्क म्हणजे काय, तो कोणाचा आणि तो कसा राखायचा, या प्रश्नांत आयुष्यभर रमलेला कायदेपंडित म्हणून पाहिले तर मात्र सगळे तुकडे जुळून येतात.

घराण्यापासून सुरुवात करू. वडील विल्यम द कँटिलुप राजदरबारात मोठ्या हुद्द्यावर होते आणि काका वॉल्टर द कँटिलुप हे वूस्टरचे बिशप होते. पैसा, ओळखी आणि चर्चमधली वाट हे तिन्ही जन्मतःच लाभलेले होते. ऑक्सफर्डमध्ये थोडे शिकून तो पॅरिसला गेला, आणि रोमन कायदा शिकण्यासाठी पुढे ऑर्लेआँला गेला. हे गाव निवडण्यामागे कारण होते. पोप तिसरा ओनोरियस याने 1219 मध्ये पॅरिसमध्ये रोमन कायदा शिकवण्यास बंदी घातली होती, त्यामुळे तो शिकायचा असेल तर ऑर्लेआँची वाट धरणे भाग होते. नंतर त्याने चर्चच्या कायद्याचा अभ्यास केला आणि ऑक्सफर्डला परतून तोच विषय शिकवला. 1245 मध्ये ल्योंच्या धर्मपरिषदेच्या वेळी पोपने त्याला आपला चॅप्लेन (खास पुरोहित) नेमले आणि एकाहून अधिक उत्पन्नाची धार्मिक पदे एकाच वेळी बाळगण्याची परवानगीही दिली. ती परवानगी त्याने भरपूर वापरली. पुढे बिशप झाल्यावर मात्र, अशी परवानगी नसताना अनेक पदे अडकवून बसलेल्या पुरोहितांच्या तो हात धुऊन मागे लागला. आज आपल्याला यात विसंगती दिसते, पण त्याच्या दृष्टीने पदांची संख्या गौण होती. हातात रीतसर परवानगी आहे की नाही, एवढेच तो पाहत असे.

त्याच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट पुढे सांगितली जात असे. खोलीच्या खिडकीला आधार द्यायला त्याने कोणाच्या तरी द्राक्षमळ्यातील एक खुंट उचलून आणला, आणि एवढ्याशा चोरीचे प्रायश्चित्त तो सात वर्षे घेत राहिला. संतांच्या चरित्रांत अशा गोष्टी असतातच. तरी त्यातला अपराध कोणता आहे ते पाहावे: दुसऱ्याच्या मालकीची वस्तू परवानगीवाचून घेणे. कायदा शिकणाऱ्या मुलाला हाच सल राहावा, हे मला फार बोलके वाटते.

आता चान्सेलरपदाविषयी. त्या काळच्या ऑक्सफर्डमध्ये चान्सेलर म्हणजे पदवीदान समारंभाचा पाहुणा नव्हता. 1209 साली एका बाईच्या खुनावरून गावकऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना फासावर चढवले. त्यावर शिक्षक आणि विद्यार्थी गाव सोडून गेले, आणि त्यांतल्या काहींनी केंब्रिज गाठले. 1214 मध्ये पोपच्या प्रतिनिधीने तडजोड घडवून आणली. विद्यार्थ्यांच्या खोल्यांची भाडी दहा वर्षांसाठी निम्मी करावीत, गरीब विद्यार्थ्यांसाठी गावाने दरवर्षी बावन्न शिलिंग द्यावेत, संत निकोलसच्या दिवशी शंभर गरीब विद्यार्थ्यांना जेवू घालावे, अशी कलमे त्यात होती. याच दस्तऐवजात लिंकनच्या बिशपने नेमायच्या चान्सेलरचा उल्लेख येतो, कारण ऑक्सफर्ड लिंकनच्या धर्मप्रांतात मोडत असे आणि बिशप पुष्कळ दूर राहत असे. म्हणजे चान्सेलर हा मुळात बिशपच्या वतीने गावात बसून निवाडे करणारा न्यायाधीश होता. विद्यार्थ्यांचे तंटे, घरभाडी, मारामाऱ्या हे सगळे त्याच्यासमोर येई आणि बहिष्काराचे हत्यारही त्याच्या हाती असे.

थॉमस 1262 मध्ये या खुर्चीवर बसला तेव्हा कॉलेजे नुकती कुठे आकार घेऊ लागली होती. बहुतेक विद्यार्थी भाड्याच्या घरांत राहत, कमरेला शस्त्रे बाळगत, आणि उत्तरेकडचे विरुद्ध दक्षिणेकडचे अशा त्यांच्या टोळ्या होत्या. संतपदाच्या चौकशीतील साक्षींनुसार थॉमस विद्यार्थ्यांची शस्त्रे काढून घेत असे आणि दंगा पेटला की स्वतः मध्ये पडत असे. मला हा माणूस इथेच प्रथम डोळ्यांसमोर उभा राहतो. हाती निकालपत्र असले तरी समोरच्या तलवारीला भिडावेच लागते, हा धडा त्याला हेरफर्डला पोहोचण्याच्या बऱ्याच आधी मिळाला होता.

राजकारणातही तो त्याच वाटेने शिरला. राजा तिसरा हेन्री आणि बंडखोरांचा पुढारी सायमन द माँटफर्ट याच्या बाजूचे उमराव यांच्यात, राजाच्या सत्तेवर बंधने घालणाऱ्या 1258 च्या ऑक्सफर्डच्या तरतुदींवरून वाद पेटला होता. तो फ्रान्सचा राजा नववा लुई याच्यापुढे लवादासाठी गेला, तेव्हा जानेवारी 1264 मध्ये आमियाँ येथे उमरावांची बाजू मांडणाऱ्यांत थॉमस होता. लुईने निकाल हेन्रीच्या बाजूने दिला आणि पुढे युद्ध झाले. त्या वर्षीच्या वसंतात राजाने ऑक्सफर्डमध्ये सैन्य जमवताना विद्यापीठच बंद केले होते, त्यामुळे चान्सेलरला या झगड्यापासून दूर राहणे तसेही शक्य नव्हते. मे महिन्यात इंग्लंडमधील लुइस (Lewes) या गावाजवळच्या लढाईत माँटफर्ट जिंकला आणि फेब्रुवारी 1265 मध्ये थॉमसच्या हाती राज्याची मोहोर आली. राज्याचा चान्सेलर म्हणून स्वतःसाठी आणि कचेरीतील कारकुनांसाठी त्याला वर्षाला पाचशे मार्क (त्या काळचे हिशेबाचे चलन) ठरवून देण्यात आले. 4 ऑगस्टला ईव्हशॅमच्या रणांगणावर माँटफर्ट मारला गेला आणि थॉमसचे पद गेले. तो पॅरिसला जाऊन धर्मशास्त्र शिकू लागला, 1273 मध्ये ऑक्सफर्डला त्या विषयात डॉक्टर झाला आणि पुन्हा एकदा विद्यापीठाचा चान्सेलर झाला.

बिशपपदाची कारकीर्द तर दाव्यांनीच भरलेली आहे. ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर हा त्या काळचा बहुधा सर्वांत बलाढ्य सरदार. मॅल्व्हर्नच्या टेकड्यांवरील बिशपच्या मालकीच्या रानात तो शिकारीचा हक्क सांगू लागला. थॉमसने दावा लावला, जिंकला आणि रान परत मिळवले. टेकड्यांच्या माथ्यावरून जाणारा एक लांब चर आजही त्या अर्लच्या नावाने ओळखला जातो. वेल्सच्या सरहद्दीवर बिशपच्या गावांवर हात टाकणाऱ्या इतर सरदारांशीही त्याचे असेच वाद चालले. ज्या चर्चची मिळकत आपल्या हाती विश्वासाने दिली आहे, तिच्यातला एक बिघाही आपल्या काळात कमी होऊ द्यायचा नाही, अशी त्याची वृत्ती होती. आर्चबिशपशी भांडण झाले तेही याच वृत्तीतून.

शिलालेख यांचे उत्तर:

दफ्तरवाचक यांनी आयुष्याचा पट उत्तम मांडला आहे. मी पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे बहिष्काराकडे वळतो.

जॉन पेकम 1279 मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला. तो फ्रान्सिस्कन संघाचा, तळमळीचा सुधारक आणि स्वतः मोठा विद्वान होता. इथे एक विद्वान आणि दुसरा अडाणी असा सामना नव्हता. दोघेही पॅरिस आणि ऑक्सफर्डमध्ये घडलेले होते, आणि हा वाद इतका चिघळला याचे एक कारण मला तेच वाटते. पेकमचे म्हणणे असे की, प्रांतप्रमुख म्हणून कोणत्याही धर्मप्रांतातली तक्रार आपल्या न्यायालयाला थेट ऐकता येते, आणि ज्या मृताची मालमत्ता एकाहून अधिक धर्मप्रांतांत आहे त्याचे मृत्युपत्रही आपल्याच न्यायालयाने तपासावे. बिशपांना हे मान्य नव्हते. खालच्या न्यायालयात निकाल झाल्याशिवाय वरच्या न्यायालयाने हात घालू नये, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांच्यात सर्वांत पक्का कायदेपंडित थॉमस असल्यामुळे नेतृत्व त्याच्याकडे आले. शेवटची ठिणगी पडली ती थॉमसच्या स्वतःच्या न्यायाधिकाऱ्यावरून. पेकमने त्या अधिकाऱ्याविरुद्ध बहिष्काराचा आदेश काढला आणि तो बजावण्याचे काम थॉमसवरच सोपवले. थॉमसने नकार दिला. फेब्रुवारी 1282 मध्ये लँबेथ येथे पेकमने त्यालाच बहिष्कृत केले.

आता यातील कायदेशीर खोच पाहू. थॉमसने पोपकडे अपील केले होते. अपील दाखल असताना दिलेली शिक्षा लागू होते की स्थगित राहते, हाच कळीचा मुद्दा. थॉमसच्या बाजूने पाहिले तर तो बहिष्कृत नव्हताच, तो अपीलकर्ता होता. साठी ओलांडलेला हा माणूस आल्प्स ओलांडून इटलीत गेला. तेव्हा पोप चौथा मार्टिन याचा दरबार ऑर्व्हिएतो येथे होता. पोपने त्याला सन्मानाने वागवले, पण खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच 25 ऑगस्ट 1282 रोजी जवळच्या मुक्कामी थॉमसचा अंत झाला.

त्या काळची रीत आपल्याला विचित्र वाटेल. दूरदेशी मेलेल्या मोठ्या माणसाचे शव उकळून मांस वेगळे करत आणि अस्थी घरी नेत. थॉमसचे मांस ऑर्व्हिएतोजवळच्या सान सेव्हेरो मठात पुरले. हृदय त्याच्या मित्राने, कॉर्नवॉलच्या अर्ल एडमंडने स्थापलेल्या ॲशरिजच्या मठात नेले. अस्थी हेरफर्डला आल्या. पेकमने इथेही आडकाठी घातली: बहिष्कृताच्या अस्थींना पवित्र भूमीत जागा मिळणार नाही. मग पोपच्या दरबारातून मिळालेला दाखला पुढे करण्यात आला. थॉमसला मृत्यूपूर्वी पापमुक्ती मिळाली होती असे त्यात होते, आणि त्यामुळे अखेर दफन झाले.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की, चर्चच्या नोंदीत थॉमस बहिष्कृत म्हणून मेला नाही. पण ही शंका इतकी जिवंत होती की 1307 साली पोपने संतपदासाठी चौकशी आयोग नेमला, तेव्हा थॉमस बहिष्कृत अवस्थेत मेला का, हे आयोगाला आधी तपासावे लागले. त्यानंतरच त्याच्या जीवनाकडे आणि चमत्कारांकडे आयोग वळला.

एका बाबतीत माझे दफ्तरवाचक यांच्याशी एकमत होत नाही. हक्कासाठी लढणारा बिशप म्हणून लोकांनी थॉमसला डोक्यावर घेतले, असा सूर त्यांच्या लेखनातून निघतो. पण मृत्यूनंतर सुमारे साडेचार वर्षे हेरफर्डला काहीही घडले नाही. चमत्कारांचा ओघ सुरू झाला तो 1287 च्या वसंतात, त्याचा उत्तराधिकारी रिचर्ड स्विनफील्ड याने अस्थी उत्तरेकडच्या दालनातील नव्या समाधीत हलवल्या त्या सुमारास. स्विनफील्ड हा थॉमसच्याच घरात वाढलेला, त्याचा विश्वासू कारकून. गुरूवरचा डाग पुसणे हे त्याने आयुष्याचे काम मानले होते. शिवाय कँटरबरीला संत थॉमस बेकेट होता, वूस्टरला संत वुल्फस्टन होता, आणि हेरफर्डकडे आठव्या शतकात मारला गेलेला राजा एथेलबर्ट एवढाच काय तो जुना आधार होता. त्या आठवड्यात समाधीपाशी आलेल्या आजारी माणसांना अपिलाच्या कायद्याशी काय देणेघेणे असणार?

मीठगर यांचे उत्तर:

समाधीपाशी येणाऱ्या माणसांविषयी थोडे लिहितो, कारण या चरित्राचा सर्वांत श्रीमंत भाग तोच आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातील सामान्य माणसांचे बोल इतक्या तपशिलाने फार थोड्या ठिकाणी उरले आहेत. 1307 च्या आयोगाने लंडनला आणि हेरफर्डला बसून नोंदवलेल्या साक्षींची पोथी आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे.

या आयोगाने समाधीभोवती वाहिलेल्या वस्तूंची मोजदाद केली. चांदीची 170 जहाजे, मेणाची 41 जहाजे, माणसांच्या आणि त्यांच्या अवयवांच्या 1,424 मेणाच्या प्रतिकृती, चांदीच्या 129, पशुपक्ष्यांच्या 77, आणि बरे झालेल्यांनी मागे ठेवलेल्या 108 कुबड्या. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय आणि घरे वाहताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही यादी अजिबात परकी वाटणार नाही. जहाजांची संख्या पाहून मला नवल वाटते, कारण हेरफर्ड समुद्रापासून दूर आहे. वादळातून वाचलेले लोक केवळ नवस फेडायला एवढ्या आतवर येत होते.

नवस बोलण्याच्या रीतीही ठरलेल्या होत्या. आजाऱ्याच्या डोक्यावर एक नाणे धरून ते संताच्या नावाने वाकवायचे आणि नंतर समाधीवर नेऊन वाहायचे. किंवा आजाऱ्याला दोऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत मापायचे आणि त्या मापाच्या दोऱ्याची वात घालून मेणबत्ती करायची.

विल्यम क्रॅग या वेल्श माणसाची हकिगत याच दोऱ्याशी बांधलेली आहे. 1290 मध्ये स्वान्सीजवळ गाउअरचा जहागीरदार विल्यम द ब्रिऊझ याने त्याला फाशी दिली. त्याच्याबरोबर दुसऱ्या एकालाही लटकवले होते. मध्येच फाशीचा खांब मोडला. तरी दोघे मेलेच होते, असे साक्षीदार सांगतात. क्रॅगचे डोळे खोबणीतून बाहेर आलेले, जीभ काळी पडून सुजलेली, असे वर्णन त्यांनी केले आहे. जहागीरदाराची पत्नी मेरी हिने आधी क्रॅगच्या जिवासाठी रदबदली केली होती आणि ती फेटाळली गेली होती. तिने आता संत थॉमसची प्रार्थना केली आणि आपल्या सखीला पाठवून प्रेताचे दोऱ्याने माप घेववले. हळूहळू प्रेतात हालचाल दिसू लागली. काही दिवसांनी क्रॅग उठला आणि गळ्याला फास लावलेला तो दोर घेऊन हेरफर्डला पायी गेला. ज्याने फाशी दिली तो जहागीरदारही बायकोसह त्याच यात्रेत होता. सतरा वर्षांनी आयोगापुढे क्रॅग स्वतः उभा राहिला आणि त्याने दुभाष्यांमार्फत वेल्श भाषेत साक्ष दिली.

आयोगाने विचारलेले प्रश्न वाचण्यासारखे आहेत. दोर किती जाड होता, खांबावर तो किती वेळ होता, तो मेला हे कोणी आणि कशावरून ठरवले, साक्षीदार स्वतः पाहून सांगतो आहे की ऐकून? शिलालेख म्हणतात तसे यात्रेकरूंना कायद्याशी देणेघेणे नव्हते, हे मान्य. पण त्यांच्या श्रद्धेला संतपदाचा दर्जा मिळवून द्यायला उलटतपासणीच लागली, आणि थॉमसने आयुष्यभर शिकवलेला चर्चचा कायदाच या चौकशीचा साचा होता. या अर्थाने दफ्तरवाचक यांचा धागा समाधीपर्यंत जातो.

पश्चिमवारा:

तिन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. क्रॅगची हकिगत मला ठाऊक नव्हती. आता दोन उपप्रश्न उरतात. माँटफर्टच्या चान्सेलरला संत करावे म्हणून स्वतः राजा पहिला एडवर्ड याने पोपला पत्र लिहिले असे वाचले आहे. ईव्हशॅमला माँटफर्टला मारणारे सैन्य तर एडवर्डचेच होते. त्याने असे का करावे? आणि ज्यूंविषयी थॉमसची भूमिका कठोर होती असा उल्लेख एका ठिकाणी आढळला. ती बाजू काय आहे?

शिलालेख:

एडवर्डने 1305 मध्ये पोपकडे रदबदली केली हे खरे आहे. लढाईनंतर थॉमसला माफी मिळाली होती आणि एडवर्ड राजा झाल्यावर त्याने या अनुभवी कायदेपंडिताला आपल्या सल्लागारांत घेतले. म्हणजे 1305 पर्यंत थॉमस एडवर्डच्या लेखी जुना शत्रू नव्हताच, स्वतःचा विश्वासू सल्लागार होता. शिवाय आपल्या सल्लागारांतून एक संत निघावा, यात राजाची शोभाच होती.

याच्या शेजारी माँटफर्टचे काय झाले ते ठेवून पाहावे. ईव्हशॅमच्या लढाईनंतर लोक त्यालाही संत मानू लागले, त्याच्या मृत्यूच्या जागी चमत्कार झाल्याचे सांगू लागले. बंडखोरांशी मिटवामिटव करणाऱ्या 1266 च्या केनिलवर्थच्या निवाड्यात ते चमत्कार सांगण्यावर बंदी घालण्यात आली. एकाच पक्षातील दोन माणसे, दोघांभोवती लोकांची श्रद्धा, पण एकाचे नाव घेणे गुन्हा ठरले आणि दुसऱ्यासाठी राजाने पत्र लिहिले. लोकांच्या श्रद्धेला राजाची आणि बिशपची साथ मिळणे किती निर्णायक होते, हे यावरून दिसते. तीही मिळूनसुद्धा वेळ लागलाच. पोप पाचवा क्लेमेंट 1314 मध्ये वारला, दोन वर्षे पोपचे आसन रिकामे राहिले, 1317 मध्ये स्विनफील्डही गेला. अखेर त्याच्यानंतरचा बिशप ॲडम ऑर्ल्टन याच्या काळात, 17 एप्रिल 1320 रोजी, ॲव्हिन्यों येथे पोप बाविसावा जॉन याने घोषणा केली. ज्याने तीस वर्षे धडपड केली त्या स्विनफील्डला हा दिवस पाहता आला नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.

दफ्तरवाचक:

ज्यूंविषयीचा उल्लेख खरा आहे, आणि तो लपवून थॉमसचे चरित्र सांगणे मला अप्रामाणिक वाटते. 1270 च्या दशकाच्या अखेरीस नाण्यांच्या कडा कातरल्याच्या आरोपावरून इंग्लंडमध्ये ज्यूंची मोठी धरपकड झाली आणि शेकडो लोकांना फाशी देण्यात आली. त्या तपासात ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्या एका सरदाराला राजा अधिकार देणार होता. त्याच्या शब्दावर ख्रिस्ती माणसांचे प्राण अवलंबून राहतील, हे थॉमसला असह्य झाले. त्याने रडत राजाकडे सल्लागार मंडळातून मुक्त करण्याची मागणी केली आणि राजाने बेत सोडला. संतपदाच्या चौकशीत ही घटना सद्गुण म्हणून सांगितली गेली आहे, हे विशेष. ज्याच्याविषयी हे चालले होते तो माणूस ख्रिस्ती झालेला होता. म्हणजे आक्षेप धर्मावर नव्हता, जन्मावर होता.

हेरफर्डमध्ये ज्यूंची नांदती वस्ती होती. 1286 मध्ये तिथल्या एका ज्यू लग्नाला ख्रिस्ती शेजाऱ्यांना आमंत्रण होते, तर स्विनफील्डने तिथे जाण्यास मनाई केली. शेजारी एकमेकांच्या लग्नाला जात होते आणि बिशप त्यांना अडवत होते, असे हे चित्र आहे. 1290 मध्ये एडवर्डने सगळ्याच ज्यूंना देशाबाहेर घालवले. थॉमस त्याआधीच वारला होता, पण ज्या वातावरणात ते घडले ते तयार करणाऱ्यांत त्याचा वाटा होता असे मी म्हणेन. हक्कांविषयी इतका जागरूक असलेल्या माणसाच्या लेखी हक्क असणाऱ्या माणसांचे वर्तुळ फार लहान होते.

मीठगर:

पश्चिमवारा पुन्हा हेरफर्डला जाणार असतील तर थोडे सुचवतो. समाधीचा चौथरा परबेक संगमरवराचा आहे आणि त्याच्या बाजूंवर चौदा चिलखतधारी सरदार कोरलेले आहेत. ते नीट पाहावेत, प्रत्येकाच्या पायाखाली काय आहे तेही पाहावे. वरची रत्नजडित पेटी आठव्या हेन्रीच्या काळात, 1538 च्या सुमारास, देशभरची देवस्थाने मोडली तेव्हा गेली. कॅथेड्रलमध्येच सुमारे 1300 सालचा, वासराच्या एकाच कातड्यावर काढलेला जगाचा प्रसिद्ध नकाशा आहे. यात्रेकरूंची गर्दी भरात होती त्याच पिढीतला तो आहे, त्यामुळे एकाच भेटीत दोन्ही पाहणे योग्य. थॉमसच्या बिशपपदाच्या काळातील कामकाजाची नोंदवहीही टिकून आहे. त्या धर्मप्रांतातील ती सर्वांत जुनी. विसाव्या शतकाच्या आरंभी ती छापली गेली. लॅटिनची भीती नसेल तर नेमणुका, पावत्या आणि दाव्यांची ती रोजची पाने अवश्य वाचावीत.